चहा करून दाखवाल का?

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात दोन आजी माझ्याकडे तपासणीसाठी आल्या होत्या. मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे, म्हणजे माणूस आपली रोजची कामं कशी करतो, ती कुठे अडतात आणि ती पुन्हा कशी करता येतील, हे पाहणं हा माझा व्यवसाय. पहिल्या आजी पुण्यातल्या, निवृत्त शिक्षिका. इस्त्रीची सुती साडी, हातात पर्स, पर्समध्ये छोटी वही. स्मरणशक्तीच्या कागदी परीक्षेत त्यांनी तीसपैकी सत्तावीस गुण मिळवले. शंभरातून सात-सात वजा करत झरझर खाली आल्या. मी महिना कोणता हे चुकून दोनदा विचारलं, तर ‘हे मगाशीच विचारलंत तुम्ही’ म्हणून माझीच चूक काढली.

दुसऱ्या आजी जुन्नर तालुक्यातल्या. शाळेची पायरी कधी चढलेल्या नाहीत. त्याच परीक्षेत त्यांना तेरा गुण पडले. तारीख सांगता आली नाही, वाक्य लिहिण्याचा प्रश्नच नव्हता, आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला सांगितल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘बाई, ह्ये काढून काय व्हायचं? आमी काय शाळंत गेलो का?’ त्यांच्या कागदावर आधीच कुणीतरी ‘स्मृतिभ्रंश’ असं लिहून प्रश्नचिन्ह टाकलेलं होतं. नातू घाबरलेला होता.

आता त्यांच्या घरची हकीकत ऐका. जुन्नरच्या आजी दर बाजाराला भाजी घेऊन बसत होत्या. कुणाकडे किती उधारी आहे हे तोंडपाठ. कोथिंबिरीचा भाव सकाळी एक आणि उन्हं चढल्यावर दुसरा, हा हिशेबही चोख. नातसुनेला विचारलं, ‘आजींच्या हातून अलीकडे काय चुकलं?’ तर तिला एकही गोष्ट आठवेना. शेवटी म्हणाली, ‘लांबच्या एका पाहुण्यांचं नाव विसरल्या.’ अहो, ते नाव तिलाही आठवत नव्हतं!

आणि आमच्या शिक्षिका आजी? त्या एकट्या राहत. नाशिकला असलेली मुलगी पंधरा दिवसांनी आली, तेव्हा तिला फ्रीजमध्ये दुधाच्या नऊ पिशव्या सापडल्या. विजेचं बिल एकदा दोनदा भरलेलं आणि नंतर तीन महिने भरलेलंच नाही. थायरॉइडच्या गोळीची तीस दिवसांपूर्वी उघडलेली बाटली जवळजवळ भरलेली. बंगळुरूचा मुलगा मात्र फोनवर सांगत होता, ‘आई एकदम ठीक आहे. काल माझ्याशी अर्धा तास राजकारणावर बोलली.’ भावा-बहिणीत जुंपलेली. तिचं म्हणणं, घर बंद करून आईला नाशिकला न्यायचं. त्याचं म्हणणं, तू उगाच बाऊ करतेस. आणि आजींचं म्हणणं, ‘मी माझ्या घरातून हलणार नाही.’ या तिघांच्या मध्ये माझा अहवाल.

वय झालं की विसरायला होतंच. चष्मा कुठे ठेवला, समोरच्याचं नाव काय, यासाठी कुणी घाबरून जाऊ नये. स्मरणशक्ती, भाषा, विचार किंवा निर्णय घेण्याची शक्ती कमी झाली आणि त्यामुळे रोजचं जगणं स्वतःचं स्वतः निभावणं कठीण होऊ लागलं, तर त्याला डॉक्टर स्मृतिभ्रंश म्हणतात. परीक्षेत गुण कमी पडतात, पण घर, पैसा, औषधं, प्रवास हे सारं माणूस थोड्या जास्त प्रयत्नानं का होईना सांभाळतो, अशी एक मधली अवस्थाही असते. तिला सौम्य बोधनदोष म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येकाला पुढे स्मृतिभ्रंश होतोच असं नाही. म्हणजे या दोन अवस्थांच्या मधली रेघ प्रयोगशाळेत किंवा मेंदूच्या चित्रात आखली जात नाही. ती आखली जाते स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, बँकेच्या काउंटरवर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनं भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज दिला आहे. शंभरांत सातांहून थोडे जास्त. इतक्या घरांत ही रेघ कुणाला तरी पाहावी लागते, आणि ती पहिल्यांदा पाहणारा बहुतेक वेळा डॉक्टर नसतो.

ही कामं मोजण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ साली सहा गोष्टींची यादी प्रसिद्ध केली. आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांना बरं होताना पाहून त्यांना ही यादी सुचली. त्यांच्या लक्षात आलं की माणूस या गोष्टी एका ठरावीक क्रमानं परत मिळवतो आणि तो क्रम लहान मूल त्या शिकतं त्याच्याशी जुळतो. जाताना क्रम उलटा. आंघोळ आधी अडते, घास तोंडापर्यंत नेणं सर्वांत शेवटी. सहा वर्षांनी, १९६९ मध्ये, फिलाडेल्फियातल्या लॉटन आणि ब्रॉडी यांनी वरची पायरी जोडली. फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घर आवरणं, धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचे व्यवहार. स्मृतिभ्रंशात ही आठ कामं आधी डगमगतात. त्यामुळे ‘बाबा स्वतः आंघोळ करतात, त्यांना काय झालंय’ हा युक्तिवाद फसवा असतो. आंघोळ ही सत्तर वर्षांची सवय असते, उलट बँकेतला नवा अर्ज दर वेळी नव्यानं समजून घ्यावा लागतो.

लॉटन-ब्रॉडींच्या यादीत एक गंमत आहे. पूर्वी ही यादी वापरताना पुरुषांच्या बाबतीत स्वयंपाक, घरकाम आणि धुणं हे तीन प्रश्न सोडून देत. आठऐवजी पाचच. आपल्याकडे ही अडचण अजून मोठी. ज्या गृहस्थांनी जन्मात कधी कुकर लावला नाही, त्यांना ‘कुकर लावता येतो का’ विचारून काय कळणार? आणि ज्या बाईंनी बँकेत पाऊल टाकलं नाही, त्यांचा पैशाचा व्यवहार कसा तपासणार? म्हणून प्रश्न नेहमी असा हवा: हे पूर्वी करत होते का, आणि तेव्हा जसं करत होते तसंच आज करतात का? तुलना शेजाऱ्यांच्या आजोबांशी नको, याच आजोबांच्या पाच वर्षांपूर्वीच्या रूपाशी करायची.

जुन्नरच्या आजींसारख्या लोकांचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या देशात फार चांगल्या रीतीनं हाताळला गेला आहे आणि त्याची माहिती आपल्याला कमी आहे. हरियाणात दिल्लीजवळ बल्लभगढ नावाचं ठिकाण आहे. तिथल्या खेड्यांत भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून स्मृतिभ्रंशाचा अभ्यास केला. पिट्सबर्गच्या डॉ. मेरी गांगुली त्यातल्या एक प्रमुख. गावातले बहुतेक वृद्ध निरक्षर. तेव्हा आधी परीक्षा बदलली. ‘वाचा आणि तसं करा’ याच्या जागी ‘माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करते तसं करा’ हे आलं. वजाबाकीच्या जागी वार उलटे म्हणणं आलं. ही हिंदी परीक्षा १९९५ साली प्रसिद्ध झाली.

पण मला त्याहून आवडतं ते १९९९ साली फिलेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेलं दुसरं साधन. खेड्यातल्या भारतीय म्हाताऱ्या माणसाकडून घर कशाची अपेक्षा करतं, हे विचारात घेऊन त्यांनी प्रश्न तयार केले. चेकबुक नाही, टेलिफोन नाही. घरातल्या माणसाला विचारायचं: गावात वाट चुकतात का? घरात लग्न ठरत असताना आपलं मत नीट देतात का? दिवाळी-होळीसारखे सण लक्षात राहतात का? कुणाला निरोप सांगायला दिला तर तो पोचतो का? आत्ताच जेवलो हे विसरतात का? लग्न ठरवताना मत देणं ही ‘क्षमता’ आहे, हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांना मी मनापासून दाद देते. एकत्र कुटुंबातल्या म्हाताऱ्या माणसाला पाणी हातात मिळतं, ताट समोर येतं. त्याचं काम म्हणजे सल्ला देणं. तो सल्ला बिघडला की मगच घरच्यांच्या लक्षात येतं. जुन्नरच्या आजींना मी हेच प्रश्न आपल्या भाषेत, आपल्या सणांनिशी विचारले. सगळे पार पडले. नातीच्या लग्नाबद्दल तर त्यांनी एवढं ठाम मत दिलं, की नातू खाली मान घालून बसला. कागदावरचं ते प्रश्नचिन्ह पुढे डॉक्टरांनी खोडलं.

आता माझी एक चूक सांगते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. काकू शेजारी बसून उत्तरं देत होत्या. आंघोळ? ‘स्वतः करतात.’ कपडे? ‘स्वतः घालतात.’ जेवण? ‘अगदी व्यवस्थित.’ मी तिन्हीपुढे ‘स्वावलंबी’ अशी खूण केली. दोन महिन्यांनी काकूंचा हात मोडला आणि त्या चार दिवस रुग्णालयात राहिल्या. घरी आलेल्या पुतण्याला काका न्हाणीघरात पाटावर बसलेले सापडले. बादली रिकामी, अंग कोरडं, तासभर तसेच. मग उलगडा झाला. इतके दिवस काकू पाणी काढून, साबण हातात देऊन, बाहेरून ‘आता पाठ, आता पाय’ असं सांगत होत्या. कपडे पलंगावर क्रमानं मांडून ठेवत होत्या, सर्वांत वर बनियन, मग शर्ट, मग पायजमा. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. पन्नास वर्षांच्या संसारात कोणतं काम कुणाचं, ही सीमाच पुसून गेली होती. मीच प्रश्न चुकीचा विचारला होता. तेव्हापासून मी ‘स्वतः करतात का’ असं विचारून थांबत नाही. ‘तुम्ही चार दिवस गावाला गेलात तर काय होईल?’ असं विचारते. उत्तर द्यायच्या आधी चेहऱ्यावर जे येतं, त्यात निम्मं उत्तर असतं.

सांगणारा माणूस कोण, यावर माहिती बदलते. दिवसरात्र सांभाळणारी सून दमलेली असते, तिला सगळंच बिघडलेलं दिसतं, आणि तिला दोष देण्याचा अधिकार लांब राहणाऱ्यांना नाही. फोनवरच्या मुलाला सगळं ठीक वाटतं, कारण गप्पा मारण्याचं कौशल्य बऱ्याच जणांत उशिरापर्यंत टिकतं. रुग्ण स्वतः तर बहुतेक वेळा ‘मला सगळं जमतं’ असंच म्हणतो. हा नेहमी हट्ट नसतो. आपल्याला जमत नाही हे ओळखण्याची शक्तीही आजारात जाते. म्हणून शक्य असेल तिथे मी विचारत बसत नाही, घरी जाऊन पाहते.

शिक्षिका आजींच्या घरी गेले. म्हटलं, ‘चहा करून दाखवाल का?’ हसल्या. ‘परीक्षा का?’ ‘हो, पण मला चहा हवाही आहे.’

चहाइतकी सोपी आणि चहाइतकी कठीण परीक्षा दुसरी नाही. पातेलं, पाणी, माणसं किती त्याचा अंदाज, लायटर, गॅस, साखर, पावडर, आलं, दूध, उकळी, गाळणं, कप आणि शेवटी गॅस बंद. मी कोपऱ्यात उभी. माझं लक्ष चहाच्या चवीकडे नसतं. काम आपणहून सुरू होतं का, क्रम टिकतो का, चूक झाली तर त्यांची त्यांना कळते का, आणि मदत लागली तर किती लागते, हे मी पाहत असते. नुसतं ‘मग पुढे?’ म्हटलं की पुरतं, की डब्याकडे बोट दाखवावं लागतं, की डबा हातात द्यावा लागतो? या तीन मदतींत फार अंतर आहे.

आजींनी पाणी ठेवलं, आलं किसलं, साखर घातली. तेवढ्यात दाराची बेल वाजली. कचरेवाला होता. आजी परतल्या त्या थेट दिवाणखान्यात येऊन बसल्या आणि मला त्यांच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाची गोष्ट सांगू लागल्या. छान सांगत होत्या. आत पाणी आटत होतं. साखर करपल्याचा वास आला, त्यांना आला नाही. मी उठून गॅस बंद केला. त्या दारात येऊन पातेल्याकडे पाहत राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘रोज असं होत नाही.’

तिथेच थांबून ‘एकट्या राहण्यास अपात्र’ असं लिहिता आलं असतं. मी म्हटलं, आपण परत करू. या वेळी मी बोलले नाही, बेल वाजली नाही. आजींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत उत्तम चहा केला. म्हणजे चहा कसा करायचा हे त्या विसरल्या नव्हत्या. काम मध्येच तुटलं की त्याच्याकडे परत येणं हरवलं होतं. नुसत्या ‘जमतं’ किंवा ‘जमत नाही’ यापेक्षा ही माहिती कितीतरी उपयोगाची.

नंतर विजेचं बिल त्यांच्या हाती दिलं. रक्कम, मुदतीची तारीख, ग्राहक क्रमांक, सगळं खणखणीत वाचलं. भरलं का, हे सांगता येईना. पाच मिनिटांनी तेच बिल पर्समध्ये घालून ‘आज भरून टाकते’ म्हणाल्या. गोळ्यांचं तर मोजून पाहण्याइतकं सोपं होतं: कधी आणल्या, किती आणल्या, किती उरल्या. हा हिशेब कुणालाही घरी करता येतो. ‘गोळ्या घेतेस ना आई?’ या प्रश्नाला ‘घेते’ याखेरीज उत्तर मिळत नाही.

आणि एक. देवपूजा. आजींनी ताम्हन, पळी, गंध, अक्षता, फुलं, निरांजन, सगळं जागच्या जागी मांडून न अडखळता पूजा केली. मुलगी म्हणाली, ‘मग आई आजारी कशी?’ हातांना मुरलेली सवय नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याच्या शक्तीपेक्षा जास्त काळ टिकते. म्हणूनच एकाच कामावरून निष्कर्ष काढू नये, ना चांगला, ना वाईट.

अहवाल देण्यापूर्वी मी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं, कारण गोळ्या न घेतल्यानं वाढलेला थायरॉइडचा त्रास, ‘ब १२’ची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेची औषधं, यांनीही माणूस असाच कामात ढिला पडतो आणि यातलं बरंच सुधारतं. एखाद-दोन दिवसांत अचानक बिघडलं, काल जेवणारा माणूस आज घास ओळखेना, तर तो स्मृतिभ्रंशाचा पुढचा टप्पा समजून घरी बसू नका. लघवीचा जंतुसंसर्गही असं करू शकतो. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

गोळ्या नियमित सुरू झाल्यावर आजी थोड्या सुधारल्या, पूर्ववत झाल्या नाहीत. निदान अल्झायमरचं झालं. तोवर मुलीनं भीतीपोटी स्वयंपाकघराला कुलूप लावलं होतं, सुऱ्या उचलल्या होत्या, आजींना भाजीही निवडू देत नव्हती. महिनाभरात आजी खुर्चीला खिळल्या. आजारानं जेवढं नेलं नव्हतं तेवढं काळजीनं नेलं. हे मी फार घरांत पाहते. मी म्हटलं, जिथे तुटतं तिथेच हात द्या. बिलं बँकेतून परस्पर जाऊ देत. गोळी कामाच्या बाईंसमोर सकाळी रिकाम्या पोटी. पाकिटात थोडे पैसे राहू देत, भाजीवाल्याशी घासाघीस करू दे, फोनवर आलेले आकडे मात्र कुणालाही सांगायचे नाहीत म्हणून बँकेचा तो फोन मुलीकडे. मुलानं हौसेनं नवी विजेची शेगडी पाठवली होती, ती परत केली. या आजारात नवं यंत्र शिकणं हेच सर्वांत अवघड. जुन्याच गॅसला ठरावीक वेळानं आपोआप बंद होणारं बटण बसवलं. चहा सकाळ-संध्याकाळ बाई घरात असताना, आजींनीच करायचा.

दोघं भावंडं अखेर एका गोष्टीवर एकमत झाली: दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं. मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली होती, तुम्हीही ठेवा. ‘आई विसरते’ असं त्यात लिहू नका. ‘मंगळवारी दूध ऊतू गेलं, लक्षात आलं नाही’, ‘गुरुवारी रिक्षावाल्याला पत्ता नीट सांगितला’ असं लिहा, तारीख घालून, बिघडलेलं आणि जमलेलं दोन्ही. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत ही वही तासाभराच्या बोलण्याचं काम करते.

आजी त्या घरात आणखी सव्वादोन वर्षं राहिल्या. नंतर रात्री दार उघडून बाहेर पडू लागल्या, तेव्हा मुलीनं त्यांना नाशिकला नेलं. मध्यंतरी मी तिथे गेले होते. आता चहा मुलगी करते. आधी ती आईच्या पुढ्यात छोटा खलबत्ता आणि आल्याचा तुकडा ठेवते. आजींनी मला ओळखलं नाही, पण बत्ता बरोबर हातात धरला, आणि आलं बारीक होईपर्यंत मान वर केली नाही.